जुन्या वास्तूंची दुरुस्ती आणि पालिकेचे अनुदान : खरे काय, करावे काय?

बाजारपेठेतील जुने दुकान, वाडा, मशीद किंवा दर्गा वारसा यादीत गेला तर दुरुस्तीसाठी पालिकेचे अनुदान मिळते, अशी आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांची समजूत असते. उलट काहींना भीती वाटते की, यादीत नाव गेले म्हणजे मिळकत हातची गेली. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. नियम काय सांगतात आणि त्यात आपला व्यवहार कुठे बसतो, ते आम्ही येथे मांडत आहोत.

याद्या तीन, कायदे वेगळे

पहिली यादी केंद्र सरकारची. ती १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली येते. या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. दुसरी यादी राज्य पुरातत्त्व खात्याची, १९६० च्या राज्य कायद्याखालची. तिसरी यादी स्थानिक पालिकेची असते. दुकाने, वाडे, धर्मशाळा अशा खाजगी मिळकती बहुधा या तिसऱ्या यादीत येतात.

मुंबईत १९९५ साली वारसा नियम लागू झाले. त्यात इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत फेरफाराला जवळजवळ वाव नाही, तर तिसऱ्या श्रेणीत तो बराच आहे. मिळकत मालकाचीच राहते, विक्री आणि वारसाहक्कही कायम राहतात. बंधन येते ते पाडकामावर आणि बाह्यरूप बदलण्यावर. डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी या नगरपरिषदा तिच्या कक्षेत येतात आणि वारसा वास्तूंचे नियमही तिच्यात आहेत.

सगळा प्रश्न एका शब्दाचा

आता पैशाचा मुद्दा. दुरुस्ती मालकाने किंवा वापरणाऱ्याने करावी, असे मुंबईचे १९९५ चे नियम सांगतात. त्यापुढे असेही म्हटले आहे की, दुरुस्तीस आर्थिक साह्य म्हणून वेगळा निधी निर्माण करता येईल आणि आयुक्त वारसा समितीच्या सल्ल्याने तो वाटतील. "करता येईल" हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. तेथे "केला जाईल" असे म्हटलेले नाही. म्हणजे दार ठेवले आहे, पण ते उघडण्याची सक्ती कोणावर नाही. अंदाजपत्रकात रक्कम धरली नाही तर निधी कागदावरच राहतो आणि दुरुस्तीचा बोजा मात्र मालकाच्या डोक्यावर कायम राहतो.

रोख रकमेऐवजी नियमांनी दुसरी सवलत दिली आहे, ती हस्तांतरणीय विकासहक्काची. वारसा बंधनामुळे स्वतःच्या जागेवर जे चटईक्षेत्र वापरता येत नाही, ते मालक दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकू शकतो. मुंबईत जागेचे भाव मोठे असल्याने या हक्काला किंमत आहे. वर्ध्यासारख्या शहरात मात्र गिऱ्हाईक शोधत बसावे लागेल. म्हणून लहान शहरातील मालकाला थोडी का होईना, रोख मदतच उपयोगाची.

निम्मे तुमचे, निम्मे आमचे

अशी मदत इतरत्र दिली गेली आहे. पाँडिचेरीत २००२ नंतर इंटॅक संस्था आणि तेथील सरकार यांनी युरोपीय निधीच्या साह्याने वैसियाल स्ट्रीटवरील जुन्या घरांचे दर्शनी भाग पूर्ववत केले. त्यात घरमालकांनीही खर्चाचा वाटा उचलला. मलेशियातील जॉर्ज टाऊन शहर २००८ साली जागतिक वारसा यादीत आले. तेथे २००९ साली थिंक सिटी ही संस्था स्थापन झाली आणि जुन्या दुकानघरांच्या दुरुस्तीसाठी मालकाच्या खर्चाला जोड देणारे अनुदान सुरू झाले. त्या शहरात कपितान केलिंग मशिदीभोवती दक्षिण भारतातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांची जुनी पेठ आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे.

अशा योजनेचा हिशेब आधीच समजून घ्यावा. समजा, दुकानाच्या दर्शनी भागाचा खर्च ४ लाख रुपये आहे आणि अनुदान निम्मे आहे. मालकाला २ लाख मिळतील हे खरे, पण बहुधा काम झाल्यावर आणि तपासणी झाल्यावर. तोवर चारही लाख त्यानेच उभे करायचे. दुसरी गोष्ट, मंजुरीपूर्वी सुरू केलेले काम सहसा अनुदानात धरले जात नाही. म्हणून आधी अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग काम हाच क्रम ठेवावा. कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि पक्की बिले जपून ठेवावीत.

कारागिरांचा फायदा कुठे?

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. परिणामी सिमेंटचा गिलावा काही वर्षांत फुगतो आणि मागची वीटही झिजते. म्हणून वारसा वास्तूच्या कामात चुना भिजवणे, घाणीत वाळू व सुरखीबरोबर मळणे, सागवानी तुळयांना सांधा देणे, कवेलू चाळणे ही जुनी कामे पुन्हा लागतात. सेवाग्रामची माती, बांबू आणि कवेलूंची बापू कुटी आजही उभी आहे ती अशाच हातांच्या नियमित देखभालीवर. आपल्या वस्तीतील वयस्क गवंडी-सुतारांकडे हे ज्ञान आहे. मुलांनी ते आत्ताच शिकून घेतले नाही, तर पैसा येईल आणि काम बाहेरगावचा ठेकेदार घेऊन जाईल.

हुन्नर असला तरी कागद हवेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट धरून १८ व्यवसाय आहेत. नोंदणी झालेल्याला ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद त्यात केली आहे. एकट्याला पालिकेचे टेंडर भरणे जड जाते. चार-पाच जणांनी मिळून फर्म नोंदवली, तर ते शक्य होते.

आता काय करावे?

आपल्या जिल्ह्यात आष्टीचे मोगलकालीन नियाझी मकबरे आहेत, गिरडचा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, गावोगावी जुन्या पेठा आहेत. प्रत्येक वास्तू कोणत्या यादीत आहे, की कोणत्याच नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे. वक्फ मिळकत असेल तर विश्वस्तांनी वक्फ मंडळाची परवानगी अगोदर घ्यावी. दुकान भाड्याचे असेल तर खर्च कोणी करायचा आणि दुरुस्तीनंतर भाडे किती राहील, हे मालक-भाडेकरूंनी कामापूर्वीच लिहून ठेवावे. या एका गोष्टीवरून पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पालिकेचे अंदाजपत्रक मार्चपूर्वी ठरते. "करता येईल" हे "केले" व्हायचे असेल, तर व्यापारी संघटनांनी हिवाळ्यातच नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना निवेदन द्यावे. वारसा यादी तयार करा आणि दुरुस्ती निधीचे वेगळे खाते उघडून त्यात रक्कम धरा, या दोनच मागण्या त्यात असाव्यात. पेठ सर्वांची आहे, तेव्हा निवेदनावर सर्व समाजांच्या दुकानदारांच्या सह्या असाव्यात. पहिल्या वर्षी रक्कम लहान असली तरी चालेल. एकदा खाते उघडले की पुढच्या वर्षी वाढ मागता येते.