रॉड बसला, गोळी राहिली

कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या निपाणी भागात म्हाताऱ्या बाईचं न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, की घरात पहिला प्रश्न उठतो तो कुठं न्यायचं याचा. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि मिरजेचं वानलेस हॉस्पिटल तर पणजीच्या काळापासून ओळखीचं. कुठंही नेलं तरी पुढचा क्रम ठरलेला असतो. रॉड घालतात नाहीतर बॉल बसवतात, टाके निघतात, वॉकर येतो, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून मिळतात. पण नुसत्या घसरण्यानं मोडावं इतकं हाड ठिसूळ झालं होतं, त्यावरचा उपचार बहुतेकदा सुरूच होत नाही. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडणं हाच ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचा, पुरावा धरला जातो. त्यासाठी आणखी कुठल्या मशीनची वाट बघावी लागत नाही.

दुसऱ्या टोकाला हाडं तपासायची मोफत शिबिरं. टाच यंत्रात ठेवायची, मिनिटभरात आकडा हातात. पंचेचाळिशीची धडधाकट बाई तो आकडा बघून हबकते आणि गोळ्यांची पट्टी घेऊन घरी येते. टाचेचं अल्ट्रासाउंड फार तर प्राथमिक चाळणी आहे. निदानाला कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची डेक्सा, म्हणजे एक्स-रेनं हाडाची घनता मोजणारी तपासणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये घालून दिलेली उणे अडीच टी-स्कोअरची (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणाऱ्या आकड्याची) रेघ डेक्साच्या आकड्यासाठी आहे, टाचेच्या नाही.

म्हणजे जिला औषधाची खरी गरज तिच्यापर्यंत ते पोचत नाही आणि जिला बहुधा नको तिच्या पर्समध्ये ते असतं. हाडांच्या औषधांचे फायदे-तोटे यावर बोलताना मला आधी हे सांगावंसं वाटतं. औषध चांगलं की वाईट, असा सरसकट निवाडा करताच येत नाही. कुणाच्या हाडासाठी, हे विचारल्याशिवाय एकाही आकड्याला अर्थ नाही.

अलेन्ड्रोनेट या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या गोळीचंच बघा. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २,०२७ अमेरिकन स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रत्येकीचा किमान एक मणका आधीच दबलेला होता. तीन वर्षांत औषध नसलेल्या, नुसत्या नावाच्या गोळीवर असलेल्या शंभरातल्या पंधराजणींचा नवा मणका दबला, औषधावरच्या आठजणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाण शंभरी २.२ वरून १.१ वर आलं. ‘खुब्याचा धोका निम्मा’ हे जाहिरातीतलं वाक्य इथून येतं, आणि ते खरंच आहे. शंभरजणींनी तीन वर्षं गोळी घेतली तेव्हा एकीचा खुबा आणि सातजणींचे मणके वाचले, हेही तितकंच खरं. डॉक्टरांनी बाईला दोन्ही वाक्यं सांगायला हवीत.

याच चाचणीचा दुसरा भाग १९९८ मध्ये आला. त्यातल्या ४,४३२ स्त्रियांचा एकही मणका आधी दबलेला नव्हता. तिथं ज्यांच्या खुब्याचा टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली होता त्यांना लाभ झाला. बाकीच्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण औषधानं काही कमी झालं नाही. शिबिरातून पट्टी आणणाऱ्या बाईचा हिशेब इथं आहे. उलट, २००१ मधल्या एका अभ्यासात नुकताच मणका दबलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचात एकीचा आणखी एक मणका वर्षाच्या आत दबला. आपल्याकडं ‘कमरेत गॅप आलाय’ म्हणून तेल चोळून घेणाऱ्या कितीजणींचा मणका असा दबलेला असतो. त्यांचा एक्स-रे कुणी त्या नजरेनं बघत नाही.

आता निपाणीची बाई. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथं महामार्ग रोखला, गोळीबारात माणसं गेली, निपाणीचं नाव देशभर झालं. त्याच तंबाखूच्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाडांबद्दल मात्र कधी कुणी बोललं नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्रीनं बेतून ठेवलेली पानं; मान खाली, पाठ वाकलेली, आणि हजार विड्यांचा हिशेब पुरा होईस्तोवर उठणं नाही. काम घरात, उंबऱ्याच्या आत. अंगावर ऊन पडायचं ते पाणी भरताना नाहीतर बाजाराला जाताना, तेही पदर डोक्यावर घेऊन. हाडावर भार पडला तर ते बळकट राहतं, उन्हानं ड जीवनसत्त्व मिळतं. या कामात दोन्ही तुटपुंजं. पोटात भाकरी, आमटी, चहा. दूध घरात असलंच तर आधी नातवंडांना. खानापूरकडं पिकणारी नाचणी ही कॅल्शियमची खाण, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण रेशनच्या तांदळानं तिला ताटातून मागं सारलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची हाडं मोजली. २००५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सुमारे २९ टक्के जणींच्या खुब्याच्या मानेत ऑस्टिओपोरोसिस निघाला. डेक्सा हाडाची घनता आकारमानावर नव्हे, क्षेत्रफळावर मोजतं, त्यामुळं चणीनं लहान असलेल्या बाईचा आकडा जरा जास्तच खाली दिसतो, हे त्यातून वजा करावं लागेल. तरीही चित्र चिंतेचंच. पाळी लवकर गेली, तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढले, किंवा सांधेदुखीवर कुणी दिलेल्या निनावी पुड्यांमधून वर्षानुवर्षं स्टिरॉइड पोटात गेलं, तर हाडांची झीज आणखी वाढते.

औषधाची भीती मुख्यतः दोन गोष्टींची असते, आणि दोन्हींचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. पहिली जबड्याची. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडून कुजतं. २००३ पासून हे नोंदवलं गेलं. कर्करोगात दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत ते जास्त दिसतं. हाडांसाठीच्या मात्रेत दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. पण ज्या भागात सकाळ मिश्रीनं सुरू होते, हिरड्या सुजलेल्या आणि चार दात हलणारे, तिथं हा धोका वाढतो. म्हणून आधी दात. काढायचे ते काढून, जखम भरल्यावरच औषध. बेळगावात केएलईचं दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे, रॉड बसवलेल्या बाईला तिथपर्यंत नेणं अवघड नाही.

दुसरी भीती मांडीच्या हाडाची. औषध झीज थांबवतं, पण फार वर्षं घेतलं तर हाडाची रोजची डागडुजीही मंदावते आणि क्वचित मांडीचं हाड मधोमध, जवळजवळ आडवं मोडतं. आधी महिनोन् महिने मांडी नाहीतर जांघ दुखते. ते दुखणं वाताचं म्हणून सोडून देऊ नये. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षं औषध घेतलं तर १४९ खुबे वाचतात आणि अशी दोन हाडं मोडतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ खुबे वाचतात आणि आठ हाडं मोडतात. आशियाई म्हणजे सगळ्या एकसारख्या नव्हेत, तरी इथल्या डॉक्टरांनी ही दुसरी जोडी डोळ्यांपुढं ठेवावी. फायद्याचं पारडं तिथंही जडच आहे, पण गोऱ्या स्त्रियांइतकं नाही. औषध थांबवल्यावर हा धोका झपाट्यानं उतरतो. म्हणूनच गोळी साधारण पाच वर्षं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड तीन वर्षं, आणि मग थांबून नव्यानं विचार. औषध हाडात मुरलेलं असल्यानं थांबवल्यावरही काही काळ काम करत राहतं.

गोळी स्वस्त, पण तिचे नियम कडक. आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर; नंतर अर्धा तास ना चहा, ना दूध, ना कॅल्शियम, आणि आडवं तर व्हायचंच नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. आठवडी बाजाराचा वार धरला तर लक्षात राहतं. जिला अर्धा तास बसवत नाही तिच्यासाठी वर्षाचं सलाइन बरं. मात्र आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला हवी, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. पहिल्या सलाइननंतर दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणसं दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत.

सहा महिन्यांनी घ्यायच्या डिनोसुमॅब इंजेक्शनबद्दल मला खरी काळजी वाटते. औषध उत्तम, पण ते हाडात मुरत नाही. एक इंजेक्शन काही महिने लांबलं तर झीज उसळी घेते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. सोडायचं तर जागी दुसरं औषध द्यावंच लागतं. मुलगा पुण्याला, सून कामावर, सासूची तारीख कुणाच्या ध्यानात राहणार? हे पक्कं ठरवल्याशिवाय ते सुरूच करू नये. टेरिपॅराटाइड रोज टोचून घ्यावं लागतं, महाग आहे, पण नवं हाड घडवतं. मणके दबलेल्यांसाठी ते मोलाचं. उंदरांत दिसलेल्या हाडाच्या कर्करोगामुळं त्यावर असलेला ठळक इशारा अमेरिकेनं २०२० मध्ये काढून टाकला.

आता पैशाचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये, कर्नाटकात असलेल्या पण आपण हक्क सांगत असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, त्यावर बरंच राजकारण झालं. इकडं कर्नाटकाची स्वतःची आरोग्य योजना आहेच. दोन्ही मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या. रॉडसाठी सरकारी पैसा मिळू शकतो, पण दुसरा खुबा वाचवणारी, रॉडच्या मानानं किरकोळ किमतीची गोळी बाईनं पदरच्या पैशानं घ्यायची. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांतही पाचात एकाच्या घरात आहे. २००७ च्या एका चाचणीत खुबा मोडल्यानंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले.

त्यामुळं खुब्याच्या शस्त्रक्रियेचा मंजूर खर्च पहिल्या वर्षाच्या औषधासकट असावा, आणि सुट्टीच्या कागदावर मराठी-कानडी दोन्हींत औषधाचं नाव, पुढची तारीख आणि थांबायचं वर्ष लिहिलेलं असावं. रक्तदाब-साखरेची चौकशी करायला आशाताई घरोघर जातातच. त्यांच्या वहीत खुबा मोडलेल्या बाईसाठी एक रकाना वाढवायला बेंगळुरूची परवानगी पुरे, मुंबईचा त्याला विरोध असायचं कारण नाही.