पहिला गेमिंग कॉम्प्युटर (भाग 4) : सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून

गेल्या आठवड्यात आपण मॉनिटर ठरवला, 1920 बाय 1080 ठिपक्यांचा. आता कॅबिनेटच्या आत शिरायचं. मोहोपाड्यात एखादा मुलगा सुट्या भागांची यादी दाखवायला आणतो, तेव्हा पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड असतं. सगळ्यात खाली एसएमपीएस, आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा 'लोकल चालेल' एवढंच. ती यादी मी खालून वर वाचायला लावतो.

त्याचं कारण इथल्या पावसाळ्यात आहे. माणिकगडावर ढग उतरले की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. पहिल्या सरींच्या आधी वीज कडाडते ती वेगळीच. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये मी सगळ्यात स्वस्त एसएमपीएस बसवला होता. जूनमधल्या एका संध्याकाळी लाइट येताच तो फट्‌कन उडाला आणि सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे त्या संध्याकाळी गेले, म्हणून हा भाग मी एवढा रेटून सांगतो.

पण एसएमपीएसच्याही आधी अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. अशा ठिकाणी कॉम्प्युटर लावून अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावा, बोटांना मुंग्या येतात. मशीन खराब आहे असं समजून लोक दुकानात धाव घेतात. खरं तर एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जातो, दुसरा न्यूट्रलपासून. पत्रा जमिनीला जोडलेला नसेल तर तो या दोहोंच्या अधेमधे लटकतो, म्हणजे 230 व्होल्टच्या निम्म्यावर, साधारण 115 व्होल्टवर. करंट अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरोखर शॉर्ट झाला तर त्या करंटला जमिनीत जायला वाट नसते, आणि मग ती वाट हात लावणाऱ्या माणसातून जाते. वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, अर्थिंग नसेल तर घालून घ्या. हा खर्च कॉम्प्युटरच्या बजेटमध्येच धरायचा.

आता एसएमपीएस. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 450 वॉट लिहिलेलं असलं तरी नजर बाजूच्या लेबलवर टाका. तिथे 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. 16 असतील तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचं पोट भरतं ते याच 192 वर, उरलेला आकडा त्यांच्या कामाचा नाही. '80 प्लस'चं चिन्ह असावं, पण ते वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतं. संरक्षणाची हमी ते देत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, 550 वॉटचा एसएमपीएस आपल्या कामाला भरपूर झाला.

भरपूर कसा, ते बघू. रायझन 5 5600जी हा प्रोसेसर अगदी ताणला तरी 90 वॉटच्या आसपास घेतो. आरएक्स 6600 हे कार्ड 132 वॉटचं. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी मिळून आणखी 50. बेरीज पावणेतीनशेच्या घरात जाते. त्यात मॉनिटर मिळवला की 600 व्हीएचा यूपीएस, जो प्रत्यक्षात साधारण 360 वॉटच देतो, काठावर येतो. 1000 व्हीएचा घ्या. आणि वीज कडाडायला लागली की यूपीएस आहे म्हणून बसून राहू नका. प्लग काढा, इंटरनेटची केबलही काढा.

वर मी दोन नावं मुद्दाम घेतली. पाताळगंगा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या घरांत पैसा एकदम येत नाही. थोडा आत्ता, थोडा दिवाळीच्या बोनसला. म्हणून खरेदीचेही दोन हप्ते करावेत असं मला वाटतं. 5600जीच्या पोटातच चित्र काढणारा भाग आहे, त्यामुळे कार्डाशिवाय मशीन सुरू होतं आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेम नीट चालतो.

मात्र एक अट आहे. 16 जीबी रॅम घ्यायची ती 8-8 च्या दोन स्टिकमध्ये. स्वतःची वेगळी मेमरी नसल्यामुळे हा प्रोसेसर चित्रासाठीही रॅमच वापरतो. डीडीआर4 3200 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 गिगाबाइट माहिती पुरवते, दोन लावल्या तर 51.2. एकच 16 ची स्टिक घेऊन 'दुसरी नंतर लावू' म्हणणाऱ्याचा गेम अडखळतो, आणि दोष प्रोसेसरला लागतो. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, त्यामुळे हा मोह आणखी वाढलाय. तरीही दोनच घ्या, हवं तर कॅबिनेट साधं घ्या.

आरएक्स 6600 वर स्वतःची 8 जीबी मेमरी असते, तिचा वेग सेकंदाला 224 गिगाबाइट. 1080 च्या पडद्यावर सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके, सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या जवळपास ठिपके रंगवायचे. मोठे गेम कार्डाशिवाय का दमतात, ते या दोन आकड्यांतच आहे.

पैसे एकदमच हातात असतील तर मात्र 5600जी घेऊ नका, साधा 5600 घ्या. त्याची आतली कॅश 32 एमबी, जीची 16. कार्ड लावल्यावर तो फरक जाणवतो. पण 5600 ला कार्डाशिवाय पडदाच दिसत नाही, हे विसरून अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

जुन्या कार्डांबद्दल थोडंच. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. अशी कार्डं अजून फिरतात. समोर अर्धा तास गेम चालवून दाखवला तरच विचार करा.

खरेदीला पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. स्टेशनपासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका. भाव विचाराल तेव्हा 18 टक्के जीएसटी धरून सांगायला लावा आणि पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असू द्या. वॉरंटीसाठी पुन्हा एवढाच प्रवास करावा लागेल, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

आणि एसएमपीएसचं खोकं दुकानातच उघडून आठ पिनांची, 'पीसीआय-ई' लिहिलेली केबल आहे ना ते बघून घ्या. प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते, तिच्यावर समाधान मानू नका. दिवाळीत कार्ड येईल तेव्हा लागेल ती ही पहिली.

पुढच्या आठवड्यात मदरबोर्ड.