डायलॉग बॉक्स व कळफलक

संगणकावर लेखन करतांना शब्द बदलणें, मजकूर छापणें इत्यादि कामांसाठीं पडद्यावर एक लहान चौकट उघडते. तिला डायलॉग बॉक्स म्हणतात. तींतील कामें माउसावांचूनहि होतात. सिन्नरच्या ज्या मुलांनीं टंकलेखनाचा सराव केला आहे, त्यांची बोटें कळांवरून हलवावीं तरी कशाला?

टॅब दाबिली कीं पुढील रकाना. शिफ्ट धरून टॅब दाबिली कीं मागील. चौकोनांतील खूण स्पेसनें लागते व निघतेहि. एस्केपनें चौकट निमूटपणें मिटते. एंटर मात्र जपून वापरावी. छपाईच्या चौकटींत प्रतींचा आकडा लिहून पुढील रकान्यांत जाण्यासाठीं कोणी एंटर दाबितो, तों एका पानाऐवजीं सारा निबंध छापून बाहेर पडूं लागतो!

वर्डमध्यें कंट्रोल व एच ह्या कळा एकदम दाबिल्यास शब्द बदलण्याची चौकट येते. ‘मन’ ह्याच्या जागीं ‘चित्त’ घालावें म्हणून आल्ट व ए ह्यांनीं सरसकट बदल केला, तर मनमाड स्टेशनाचें ‘चित्तमाड’ होऊन बसतें. त्यापेक्षां आल्ट व एफ ह्यांनीं पुढील स्थळ पाहावें व योग्य असेल तेथेंच आल्ट व आर दाबावें. घोटाळा झालाच, तर चौकट मिटवून लागलीच कंट्रोल व झेड.

अंध मनुष्यास माउसाचा बाण दिसत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या स्वतः अंध असलेल्या गृहस्थांनीं २००६ सालीं आरंभिलेली एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली, टॅबनें ज्या रकान्यावर यावें त्याचें नांव मोठ्यानें सांगते. त्यामुळें आपलें पत्र लिहून छापण्यास त्यांस दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत नाहींत.