विश्लेषण : लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटतो तेव्हा… उपचार एकाच आजारावर का पुरत नाहीत?

दिवसाचे कित्येक तास अश्लील चित्रफिती पाहण्यात जातात, थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही, अभ्यास, नोकरी, संसार सगळेच डळमळू लागते. अशा व्यक्तीला बहुतेकदा ‘मनावर ताबा ठेव’ एवढाच सल्ला मिळतो. प्रत्यक्षात या वर्तनाच्या जोडीला अनेकदा नैराश्य, चिंताविकार किंवा व्यसन असते. ते ओळखले नाही, तर बरे होण्याची वाट अडते. हा विकार नेमका काय आहे आणि नाशिकमधील रुग्णाने मदत कुठे मागावी, याविषयी…

हा आजार म्हणून केव्हा मान्य झाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर’, म्हणजेच अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराचा समावेश आहे. हे वर्गीकरण मे २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०१३ च्या आपल्या नियमावलीत अशा विकाराला स्थान दिले नव्हते. आरोग्य संघटनेनेही त्याला व्यसनांच्या गटात न टाकता आवेगावरील नियंत्रणाच्या विकारांत ठेवले. ‘सेक्सचे व्यसन’ हा शब्द रूढ असला, तरी ते व्यसन आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

निदानाचे निकष कोणते?

लैंगिक आवेगांवर साधारण सहा महिने किंवा अधिक काळ नियंत्रण राहत नाही, हे वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येते, तब्येत आणि जबाबदाऱ्यांकडे दुर्लक्ष होते, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसतात आणि नुकसान दिसत असूनही, कधी आनंद मिळेनासा झाला तरी, वर्तन सुरूच राहते. लैंगिक इच्छा जास्त असणे म्हणजे हा विकार नव्हे. केवळ ‘आपण पाप करतो’ या भावनेतून येणारा त्रासही निदानाला पुरेसा नाही, असे वर्गीकरणात स्पष्ट म्हटले आहे.

महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हस्तमैथुनाने शक्ती जाते, ही भीती आजही अनेक तरुणांना छळते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा गैरसमजांवर लिहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली होती. अपराधी भावनेने ग्रासलेल्या तरुणाला योग्य माहितीची गरज असते, तर ताबा सुटलेल्याला उपचारांची. दोघांना एकाच मापाने मोजले, तर दोघांचेही नुकसान होते.

इतर मानसिक आजारांशी संबंध कसा?

समजा, गंगापूर रोडला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण आहे. दोनदा अपयश आले, झोप उडाली, मन उदास झाले. रात्री मोबाइलवर चित्रफिती पाहिल्या की तासभर विसर पडतो. सकाळी अपराधी वाटते, अभ्यास बुडतो, उदासी वाढते आणि रात्री पुन्हा मोबाइल हातात येतो. इथे नुसता मोबाइल काढून घेतला, तर उदासी तशीच राहते. नुसती नैराश्याची गोळी दिली, तर सवय तशीच राहते.

इतर आजारांत गुंता वेगळा असतो. द्विध्रुवीय विकारात उन्मादाच्या काळात लैंगिक वर्तन अचानक वाढू शकते. झोपेची गरज कमी होणे, भरमसाट खर्च, अखंड बडबड ही सोबतची लक्षणे. हे वर्तन केवळ उन्मादाच्या काळातच दिसत असेल, तर निदान द्विध्रुवीय विकाराचे होते. अशा रुग्णाला मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांविना केवळ नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद वाढण्याचा धोका असतो. दारूने संयम सैल होतो. एडीएचडीमध्ये आवेग रोखणे मुळातच कठीण जाते. मंत्रचळेपणात नको असलेले लैंगिक विचार मनात घुसतात, पण रुग्णाला त्यांची किळस वाटते आणि तो तसे वागत नाही. पार्किन्सनवरील प्रॅमिपेक्सोलसारख्या औषधांनीही लैंगिक आवेग अनावर होऊ शकतात. म्हणूनच घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत आणि कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

उपचार कसे होतात?

आधी सविस्तर मुलाखत घेऊन सोबतचे आजार तपासले जातात. नंतर दोन्हींवर बरोबरीने काम होते. बोधात्मक वर्तन उपचारांत आवेग कोणत्या वेळी, कोणत्या भावनेनंतर येतो याची नोंद ठेवायला आणि त्या क्षणी वेगळे काय करायचे हे शिकवतात. गरजेनुसार नैराश्यविरोधी औषधे किंवा नाल्ट्रेक्सोन दिले जाते. लैंगिकता कायमची दडपणे हे उपचारांचे ध्येय नसते. निवड पुन्हा आपल्या हातात येणे, हे असते. मध्येच पाय घसरला, तर सगळे संपले असे नसते. त्या आठवड्यात झोप, औषधे, दारू किंवा ताण यांपैकी काय बिघडले होते, हे पाहिले जाते.

जोडीदाराचे काय?

फसवणूक झाल्याची जखम खरी असते. ‘तो आजारी आहे, सांभाळून घे’ असे सांगून ती भरत नाही. जोडीदारालाही स्वतंत्र समुपदेशन मिळायला हवे. असुरक्षित संबंध आले असतील, तर दोघांनीही एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी करावी. सरकारी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत व गोपनीय असते. आजाराचे निदान हे दुसऱ्याच्या संमतीचा भंग करण्याला किंवा कोणत्याही गुन्ह्याला निमित्त ठरत नाही.

मदत मागणे इतके अवघड का?

४२ देशांतील ८२ हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत सुमारे पाच टक्के लोकांना या विकाराचा मोठा धोका दिसला, पण त्यांतील केवळ १४ टक्क्यांनीच कधी उपचार घेतले होते. गंगापूर रोडसारख्या भागात दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कुणी भेटेल ही धास्तीही असतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश किंवा कुणाच्या जिवाला धोका, असे मोजकेच अपवाद आहेत.

पहिले पाऊल दवाखान्यातच टाकायला हवे असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. पुढे मनोविकारतज्ज्ञ गाठावा. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय हा परवडणारा पर्याय आहे. सांगायला शब्द सुचत नसतील, तर ‘झोप लागत नाही, मन उदास असते आणि एक सवय सुटत नाही’ एवढ्यापासून सुरुवात करता येते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मात्र जराही न थांबता मदत मागावी.