लागलेला रंग कसा काढावा?

इयत्ता ४ थी



रंग द्यायला सगळे पुढे असतात. सांडलेला रंग काढायला मात्र कोणी नसतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देतात, दिवाळीच्या आधी भिंतीला चुना देतात, आणि होळीला तर विचारूच नका. मग फरशीवर ठिपके आणि सदऱ्यावर डाग. माय म्हणते, "घास आता दगडानं!" पण दगडानं घासून सगळे रंग निघत नाहीत. काही तर आणखी आत बसतात. म्हणून मी गुरुजींना आणि रंगकाम करणाऱ्या मामांना विचारून ही माहिती लिहिली आहे. थोडं आम्ही वर्गात चिंध्यांवर करूनही पाहिलं.

गुरुजी म्हणाले, रंगाची नुसती पूड भिंतीवर टाकली तर ती गळून पडेल. तिला धरून ठेवणारं काहीतरी रंगात असतं. कशात डिंक असतो, कशात चुना, कशात तेल. आपल्याला सोडवायचा असतो तो हा धरणारा. तो सुटला की रंग आपोआप सुटतो. गेरू नुसता पाण्यात कालवलेला असतो, म्हणून तो ओल्या फडक्याने निघतो. त्यात काही अवघड नाही.

चुन्याचं तसं नाही. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. फरशीवर पडलेला चुना ओला असताना पुसला तर दोन मिनिटांचं काम असतं. दुसऱ्या दिवशी तो नखानेही निघत नाही. मग कोणी म्हणतं लिंबू पिळा, कोणी म्हणतं चिंचेचं पाणी घाला. आंबटाने चुना फसफसून विरघळतो हे खरं आहे. पण थांबा! आपल्या घरात शहाबादी फरशी असते. ती कर्नाटकातल्या शहाबादची, आणि ती स्वतःच चुनखडीचा दगड आहे. आम्ही फुटक्या शहाबादीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं तर तिथंही बारीक बुडबुडे आले. म्हणजे डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते आणि तिथं खरबरीत पांढरा डाग राहतो. आपल्याकडच्या काळ्या दगडावर बुडबुडे आले नाहीत. तो बेसाल्ट, लाव्ह्यापासून झालेला. तेव्हा शहाबादीवर आंबट घालू नका. डाग पाण्याने भिजू द्या आणि मामांची रुंद पत्ती आडवी धरून हळूहळू खरवडा.

चुना डोळ्यात गेला तर चोळू नये. लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि दवाखान्यात जावं.

आता ऑइल पेंट. हा सगळ्यात हट्टी. शिंगांना, दाराला, गजाला हाच देतात. तुमच्या घरी करडईच्या तेलाची जुनी बाटली असेल तर तिच्या बाहेरून हात फिरवून पाहा. चिकट थर लागेल. तो साबणानेही लवकर निघत नाही. करडईचं आणि जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. ऑइल पेंट असाच वाळतो. म्हणून तो ओला असतानाच काढायला पाहिजे.

आम्ही तीन चिंध्यांवर एकाच डब्यातला रंग लावला. पहिली लगेच पुसली, दुसरी दुपारच्या सुट्टीनंतर, तिसरी दुसऱ्या दिवशी. मामांनी तिन्हींना टर्पेंटाइन लावलं. पहिलीचा डाग जवळजवळ गेला. दुसरीवर फिका ठसा राहिला. तिसरी तशीच! उलट घासून घासून तिला भोक पडायला आलं.

कपड्यावरचा डाग काढायची रीत अशी आहे. डागाखाली जुनं फडकं ठेवायचं. कपडा उलटा करून मागच्या बाजूने टर्पेंटाइनचा बोळा टेकवायचा, म्हणजे रंग खालच्या फडक्यात उतरतो. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो. मग साबणाने धुवायचं. आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर एक थेंब लावून पाहावा, नाहीतर कपड्याचाच रंग जायचा. पूर्वी यासाठी घरोघरी रॉकेल वापरत, असं आजी सांगते.

हाताला रंग लागला तर मात्र थिनर लावू नका, कातडी भाजल्यासारखी होते. गोडेतेल चोळा आणि मग साबण लावा.

पालकांनी एक गोष्ट नक्की करावी. थिनर किंवा रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान लेकरू पाणी समजून पितं. प्यायलंच तर त्याला उलटी करायला लावू नये, ते छातीत उतरतं. तसंच उचलून दवाखान्यात न्यावं. आणि चुलीजवळ तर ही बाटली ठेवूच नये, तिची वाफसुद्धा पेट घेते.

हळदीचंही विचारतात. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सदऱ्यावर पडली तर कोणाला आवडत नाही! हळदीला धरणारं काही लागत नाही, ती धाग्यातच शिरते. साबण लावला की डाग लाल होतो. घाबरू नका. साबण खळबळून काढा आणि कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका. उन्हाने हळदीचा रंग फिका पडत जातो.

गुरुजींनी अजिंठ्याची गोष्ट सांगितली ती मला लई आवडली. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होतं, आपलं हिंगोलीही त्याच राज्यात होतं. तिथल्या लेण्यांतल्या चित्रांचे पोपडे सुटू लागले, म्हणून १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी पोपडे चिकटवले आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. पुढे तोच लेप पिवळट पडला आणि खालचे रंग नीट दिसेनात. मग पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढावा लागला. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटसारख्या द्रवात विरघळते. द्रव असा पाहिजे की लाख सुटेल पण खालचं चित्र सुटणार नाही. म्हणून कापसाच्या बोळ्याने थोडा थोडा भाग पुसायचा. दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, तिथं घाई करून कसं चालेल?

आता आपल्या शाळेच्या जुन्या दाराबद्दल. नवा रंग द्यायच्या आधी त्याचे पोपडे काढायचे आहेत. आमच्या वर्गातली पोरं पॉलिश पेपर घेऊन तयारच होती, पण गुरुजी नाही म्हणाले. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरात वापरायच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपलं दार त्याच्या आधीचं आहे. कोरडं घासलं की धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, अभ्यास डोक्यात राहत नाही. रांगणारं लेकरू तर पोपडा उचलून तोंडातच घालतं.

म्हणून हे काम मोठ्या माणसांनी नाकाला मास्क लावून करायचं आहे, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. आधी दार पाण्याने ओलं करायचं, मग वॉटर पेपरने ओलंच घासायचं. खाली गोणपाट नाही, प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, कारण गोणपाटात धूळ अडकते. नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. पोपडे कागदात गुंडाळून बांधून ठेवायचे. चुलीत टाकायचे नाहीत, कारण धुरातूनही शिसं पोटात जातं. घरी जुनं दार किंवा खिडकी खरवडायची असेल तर तिथंही असंच करा.