शेवटी सांगायला उरलं कोण?

आधीच कबूल करतो, या लेखात खुन्याचं नाव फुटणार नाही. बाकी बरंच काही फोडावं लागणार आहे, तेव्हा ज्यांनी अगाथा ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन' अजून वाचलेली नाही, त्यांनी पुरवणीचं हे पान घडी घालून ठेवलं तरी चालेल.

कादंबरी १९३९ सालची. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यासमोर एक बेट, त्यावर एक बंगला, आत आठ पाहुणे आणि नोकर नवरा-बायको. प्रत्येकाच्या नावावर कुणाचा तरी मृत्यू, पण कायद्याचे हात तिथवर न पोचलेले. प्रत्येक खोलीत एक बडबडगीत टांगलेलं. गीतात जसं माणूस मरतं तसंच बंगल्यात मरतं आणि जेवणाच्या टेबलावरच्या दहा चिनीमातीच्या बाहुल्यांतली एक कमी होते. शेवटी बेटावर जिवंत माणूस उरत नाही. पोलीस येतात, डोकं खाजवतात, हात टेकतात. मग समुद्रात एक बाटली सापडते आणि तिच्यातल्या कागदांतून वाचकाला उलगडा होतो.

पुस्तकातली एक करामत बघा. अर्ध्याच्या पुढे ख्रिस्तीबाई उरलेल्या माणसांच्या मनात शिरतात. एक विचार याचा, पुढचा त्याचा, पण कुणाचा ते लिहीत नाहीत. त्यांतला एक खुन्याचा असतो आणि तोही बाकीच्यांसारखाच घाबरट वाटतो. छापील पानावर हे खपतं. याच कथेच्या नाटकात मात्र खुन्याचं काम करणारा नट पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पहिल्यांदा आलेल्या प्रेक्षकाला त्याच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये आणि दुसऱ्यांदा तिकीट काढणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे. अशा भूमिकेला टाळ्यांची वाक्यं नसतात. तरी ती भल्याभल्यांची परीक्षा घेते.

नाटक ख्रिस्तीबाईंनी स्वतःच लिहिलं, ते १९४३ साली लंडनला आलं. समुद्रकिनारा, लाकडं फोडायची जागा, निजायच्या खोल्या सगळं विंगेत गेलं. उरला एक दिवाणखाना. बाहुल्या टेबलावरून शेकोटीच्या वरच्या फळीवर आल्या. पुस्तकात 'आता आठच उरल्या' एवढं एक वाक्य पुरतं. इथे प्रेक्षक त्या फळीकडे टक लावून मोजत बसलेला असतो आणि त्याच्या देखत कुणाच्या तरी हाताला ती बाहुली खरोखर उचलावी लागते. नोकर मेल्यावर वीज चालवणारं यंत्र बंद पडतं आणि मेणबत्त्या येतात, हे मात्र मूळ कादंबरीतच आहे. नाटकवाल्याला आयता अंधार मिळाला.

खरी अडचण शेवटाची. सगळेच मेल्यावर सांगणार कोण? बाटलीतलं पत्र पडदा पाडून वाचून दाखवता येत नाही. गोष्ट सांगायला कुणी उरत नाही म्हणून बदल करणं भाग होतं, असं बाईंनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. बडबडगीताच्या शेवटाचा दुसरा एक पाठ होता, त्यात शेवटचा पोरगा मरत नाही, लग्न करतो. बाईंनी तो उचलला. एक तरुण, एक तरुणी वाचतात आणि दोघं एकमेकांची होतात.

वाचले म्हणजे निर्दोष हवेत. मला खटकतं ते इथे. कादंबरीत वाचक ज्या तरुण शिक्षिकेच्या बरोबर शेवटपर्यंत चालतो, तिच्या हातून एका लहान मुलाचा जीव गेलेला असतो, आणि तो अपघात नसतो. आपण कुणाची काळजी करत होतो हे कळल्यावर वाचकाच्या पोटात गोळा येतो. नाटकाने ती काळजी फुकट जाऊ दिली नाही, गोळाही गेला. प्रयोग मात्र चालला. १९४४ साली बॉम्बने थिएटरचं नुकसान झालं, तर तो दुसऱ्या थिएटरात हलवून चालू ठेवला. त्या दिवसांत लंडनकरांना दोन जीव वाचलेले बघावेसे वाटले असतील, तर त्यांना नावं कशी ठेवणार?

१९४५ साली रेने क्लेअरने हॉलिवूडमध्ये सिनेमा केला तो नाटकाचाच शेवट घेऊन. पण कॅमेरा हाती आल्यावर बंद पडलेली दारं पुन्हा उघडली. हा किल्लीच्या भोकातून त्याला बघतो, तो तिसऱ्याला, असा पाळतीचा फेराच त्याने रचला. नाटकात हे जमणारं नव्हतं. पुढचे सिनेमे बेट सोडून बर्फाच्या डोंगरावर, इराणच्या वाळवंटातल्या हॉटेलात गेले. गोड शेवट सोडेनात. १९८७ च्या रशियन सिनेमाने आधी मूळ शेवट धरला. इंग्रजी पडद्याला त्यासाठी बीबीसीच्या २०१५ च्या मालिकेपर्यंत थांबावं लागलं. तिथे खुनी शेवटच्या बळीसमोर उभा राहून स्वतःच सगळं सांगतो. बाटलीची गरजच संपली.

आपल्याकडे याच कल्पनेवर १९६५ साली 'गुमनाम' आला. दिग्दर्शक राजा नवाथे आणि नायिका मास्टर विनायकांची मुलगी नंदा, म्हणजे मराठी हात होतेच. त्यात मेहमूदचा विनोद आणि हेलनचा नाच आहे, आणि लताबाईंचा आवाज जंगलातून आल्यावर खुनाऐवजी भुताचीच भीती वाटते. कथेची शिस्त पार उधळली, तरी त्या गाण्याने आलेला काटा इंग्रजी सिनेमांत कुठे आला नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी कादंबरी, मग १९४५ चा सिनेमा, मग 'गुमनाम'. आणि खुनी कोण हे वर कुठे सुटलंय का म्हणून लेख पुन्हा चाळू नका. सुटलेलं नाही.