स्टेजसाठी डिजिटल पियानो घेताय? आधी त्याची मागची बाजू बघा

डिजिटल पियानो घ्यायचा ठरला की आपण काय करतो? यूट्यूबवर चार-पाच तुलनेचे व्हिडिओ बघतो, दुकानात जाऊन हेडफोन लावतो, दोन-तीन कॉर्ड वाजवतो आणि ज्याचा आवाज गोड वाटला तो निवडतो. घरी वाजवायचा असेल तर ही पद्धत ठीक आहे. स्टेजवर मात्र तुमच्या समोर बसलेला एकही माणूस तुमचे हेडफोन लावून ऐकत नसतो. त्याला ऐकू येतो तो साउंड सिस्टिममधून बाहेर पडणारा पियानो. त्यामुळे स्टेजसाठी पियानो निवडताना प्रश्नांचा क्रमच बदलतो.

मी कॅफेमधले छोटे शो आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम वाजवतो. त्या अनुभवातून सांगतो: आधी वजन बघा, मग मागच्या बाजूची सॉकेट्स बघा, मग पट्ट्यांचा स्पर्श बघा, आणि आवाज सगळ्यात शेवटी ऐका. आजच्या चांगल्या कंपन्यांचे पियानोचे आवाज बऱ्यापैकी चांगले असतात. कार्यक्रम बिघडतो तो बाकीच्या तीन गोष्टींमुळे.

स्टेज पियानो म्हणजे नक्की काय?

दुकानात ‘कीबोर्ड’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी वाद्यं मिळतात.

पहिलं म्हणजे अरेंजर कीबोर्ड. यात बहुतेक वेळा ६१ हलक्या पट्ट्या असतात, तयार ताल असतात आणि ढोलकीपासून बासरीपर्यंत शेकडो आवाज असतात. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात हाच जास्त दिसतो.

दुसरं म्हणजे पोर्टेबल डिजिटल पियानो. यात पूर्ण ८८ पट्ट्या असतात, म्हणजे ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. खऱ्या पियानोसारखा जडपणा यावा म्हणून पट्ट्यांच्या आत छोटे हातोडे बसवलेले असतात. सोबत छोटे स्पीकरही असतात. यामाहा पी-२२५, रोलंड एफपी-३०एक्स आणि कॅसिओ पीएक्स-एस११०० हे या गटातले.

तिसरा खरा स्टेज पियानो. उदाहरणार्थ यामाहा सीपी८८. यात स्पीकरच नसतात, कारण तो साउंड सिस्टिमला जोडूनच वाजवायचा असतो. आवाज बदलायला वरच नॉब आणि बटणं असतात, म्हणजे चालू गाण्यात मेनूत शिरावं लागत नाही.

पहिलाच पियानो घेणारे बरेचसे दुसऱ्या गटातून निवडतात, कारण तो घरी रियाजालाही चालतो. म्हणून इथे मी मुख्यतः त्याबद्दलच बोलतोय.

१. वजन: चौथ्या मजल्यावरून खाली कोण आणणार?

पीएक्स-एस११०० चं वजन ११.२ किलो आहे, पी-२२५ चं ११.५ किलो आणि एफपी-३०एक्सचं १४.८ किलो. कागदावर तीन-साडेतीन किलोंचा फरक किरकोळ वाटतो. पण त्यात बॅग, स्टँड, पेडल, अडॅप्टर आणि वायरी मिळवा. मग एफपी-३०एक्सचा सगळा संसार सहज २० किलोंच्या वर जातो. सीपी८८ तर एकटाच १८.६ किलोंचा आहे.

लांबीही मोजून बघा. ८८ पट्ट्यांचे हे पियानो साधारण १३० सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे सव्वाचार फूट. रिक्षात तो तिरका घालावा लागतो आणि छोट्या गाडीत मागची सीट पाडावी लागते. बाइकवरून न्यायचा विचार सोडूनच द्या. महिन्याला चार शो असतील आणि गाडी नसेल, तर ७३ पट्ट्यांचा पियानो हाही चांगला पर्याय आहे. बँडमध्ये खालचे सूर बास गिटारवाला सांभाळतो, त्यामुळे डावीकडच्या शेवटच्या पट्ट्यांना हात क्वचितच लागतो. यामाहा सीपी७३ हा १३.१ किलोंचा आहे, म्हणजे त्याच घरातल्या ८८ पट्ट्यांच्या भावापेक्षा साडेपाच किलो हलका.

२. मागची बाजू: पियानो मिक्सरला जोडणार कसा?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि दुकानात नेमका हाच कोणी बघत नाही.

आधी स्पीकरचं बघू. पी-२२५ मध्ये ७ वॉटचे दोन स्पीकर आहेत, पीएक्स-एस११०० मध्ये ८ वॉटचे दोन आणि एफपी-३०एक्समध्ये ११ वॉटचे दोन. खोलीत हे भरपूर होतात. शेजारी ड्रम्स किंवा ढोलकी सुरू झाली की तुमचा पियानो तुम्हालाच ऐकू येत नाही, मग प्रेक्षकांचं तर सोडाच. म्हणजे मिक्सरला जोडणं आलंच.

त्यासाठी मागे ‘लाइन आउट’ किंवा ‘ऑक्स आउट’ अशी दोन वेगळी सॉकेट्स हवीत: एक डावं, एक उजवं. वर सांगितलेल्या तिन्ही मॉडेल्समध्ये ती आहेत. पण यामाहा पी-४५ आणि रोलंड एफपी-१० या स्वस्त मॉडेल्समध्ये नाहीत. तिथे हेडफोनच्या सॉकेटमधूनच आवाज बाहेर काढावा लागतो. असं करता येतं, पण हेडफोनची पिन घातली की आतले स्पीकर बंद होतात, आणि पियानोचा व्हॉल्यूम थोडा जरी हलला तरी मिक्सरवरची पातळी बिघडते. घरासाठी ही दोन्ही मॉडेल्स चांगली आहेत. स्टेजसाठी घेणार असाल तर हा फरक पैसे देण्याआधी माहीत असू द्या.

आता वायरीचा प्रश्न. लाइन आउटमध्ये जी पाव इंची पिन बसते, तिला आपले साउंडवाले ‘पी-३८’ म्हणतात. ही वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब झाली की आजूबाजूच्या लाइटच्या आणि डिमरच्या वायरींची गुणगुण पकडायला लागते. मिक्सर तर बरेचदा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असतो! यावरचा उपाय म्हणजे डीआय बॉक्स. ही तळहाताएवढी डबी असते. एका बाजूने पी-३८ आत जाते आणि दुसऱ्या बाजूने ‘कॅनन’ पिनची माइकसारखी वायर बाहेर निघते. त्या वायरीत एकच सिग्नल दोन तारांमधून उलटसुलट पाठवला जातो. वाटेत शिरलेली गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच असते. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो, त्यामुळे गुणगुण उडते आणि संगीत उरतं. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी ते दाबून बघा.

साउंडवाल्याकडे डीआय असेलच असं धरून चालू नका. स्वतःचा एक बॅगेत ठेवा.

मोनोची परीक्षा

पियानोचा आवाज रेकॉर्ड करताना साधारणपणे दोन किंवा जास्त माइक लावतात. हेडफोनमध्ये डावा-उजवा आवाज वेगळा पोहोचतो, म्हणून पियानो भव्य वाटतो. छोट्या कार्यक्रमात मात्र साउंडवाला तुम्हाला मिक्सरवर एकच चॅनेल देतो. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की काही लहरी एकमेकींना खोडतात, आणि तोच भव्य पियानो डब्यात वाजल्यासारखा पातळ होतो.

म्हणून दुकानात फक्त डाव्या सॉकेटला वायर लावून एखाद्या स्पीकरवर ऐकायला मागा. या सॉकेटवर इंग्रजीत ‘एल/मोनो’ किंवा ‘एल/एल+आर’ असं लिहिलेलं असतं. पियानोतले सगळे पियानो-आवाज असे मोनोत ऐका. त्यातला जो सगळ्यात भरीव वाटेल, तो तुमचा स्टेजवरचा आवाज. हेडफोनमध्ये तो थोडा टोकदार वाटला तरी चालेल, कारण बँडच्या गर्दीतून तोच वर येतो.

३. पट्ट्या, पेडल आणि पॉलिफनी

पट्ट्यांचा स्पर्श ज्याचा त्याने ठरवायचा. फक्त दोन मिनिटं वाजवून ठरवू नका. तुमच्या यादीतलं सगळ्यात वेगवान गाणं सलग दहा मिनिटं वाजवा. हार्मोनियमवरून आलेल्यांना हातोड्याच्या पट्ट्या सुरुवातीला जड जातात आणि द्रुत तानांत बोटं दमतात.

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती आवाज वाजू शकतात तो आकडा. पी-४५ ला ६४ आहे, पी-२२५ आणि पीएक्स-एस११०० ला १९२ आणि एफपी-३०एक्सला २५६. दहा बोटांना ६४ कशाला, असं वाटेल. पण पेडल दाबल्यावर आधीचे सूर चालूच राहतात. त्यात पियानोसोबत स्ट्रिंग्ज जोडल्या आणि दोन्ही आवाज स्टीरिओ असले, तर एका पट्टीला ४ आवाज खर्च होऊ शकतात. मग ६४ मध्ये १६ सूर झाले की सतरावा सूर पहिल्याला गिळतो. फक्त पियानोच वाजवणार असाल तर या आकड्याची फार चिंता नको.

सोबत मिळणारं छोटं चौकोनी पेडल स्टेजच्या फळीवर घसरत पुढे जातं. रबरी तळाचं, खऱ्या पियानोसारखं पेडल वेगळं घ्या. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावल्यावर कधी कधी उलटं चालतं: दाबलं की सूर तुटतात, सोडलं की रेंगाळतात. अशा वेळी पियानो बंद करा, पेडल जोडा आणि पाय न ठेवता पियानो पुन्हा सुरू करा. बरीच वाद्यं सुरू होताना पेडलची दिशा ओळखून घेतात.

४. आपल्या गाण्यांसाठी खास तीन गोष्टी

पहिली गोष्ट ट्रान्सपोज. तुम्ही गाणं पांढरी एकमध्ये बसवलंय आणि गायिका ऐन वेळी म्हणाली, “दादा, आज काळी दोनमध्ये गाते.” तर ट्रान्सपोज +३ करायचं आणि बोटं तीच ठेवायची. हे किती लवकर करता येतं ते दुकानातच बघा. कमी बटणांच्या पियानोत एक बटण धरून ठराविक पट्टी दाबावी लागते. ते पाठ नसेल तर अंधारात शोधत बसाल.

दुसरी मास्टर ट्यूनिंग. बासरी किंवा हार्मोनियम पियानोपेक्षा किंचित चढी असू शकते, आणि हार्मोनियम काही स्टेजवर बदलता येत नाही. जुळवून घ्यायचं पियानोनेच. पांढरी सहाचा नेहमीचा ४४० हर्ट्झ सूर ४४२ वगैरे करता येतो. ती सोय कुठे आहे ते माहीत करून घ्या.

तिसरी पिच बेंड. मींड, गमक किंवा सिंथचा लीड वाजवायचा असेल तर सूर ओढणारं चाक लागतं. पी-२२५, एफपी-३०एक्स आणि पीएक्स-एस११०० या तिन्हींत ते नाही. तुमचं निम्मं काम बासरी-सनई-व्हायोलिनच्या तुकड्यांचं असेल, तर सरळ अरेंजर कीबोर्ड घ्या. पियानो कितीही चांगला असला तरी ते काम त्याचं नाही.

५. फोन आणि ब्लूटूथ

‘ब्लूटूथ आहे’ हे वाचून अनेकांना वाटतं की आता वायरलेस इयरबड्स लावून वाजवता येईल. या पियानोंतलं ब्लूटूथ ऑडिओ मुख्यतः फोनवरचं गाणं पियानोच्या स्पीकरमधून ऐकण्यासाठी असतं. शिवाय नेहमीच्या इयरबड्समध्ये आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. २०० मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे पियानो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाजवल्यासारखं झालं. तालात राहणं अशक्य. मॉनिटरसाठी वायरच वापरा.

फोनवरून ट्रॅक लावणार असाल तर तोही वायरनेच मिक्सरला द्या, आणि एअरप्लेन मोड विसरू नका. ऐन कडव्यात रिंगटोन वाजली तर ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल.

फोनचा खरा उपयोग वेगळाच आहे. रिहर्सलमध्ये प्रेक्षकांच्या जागी फोन ठेवून रेकॉर्ड करा. पियानो बँडमध्ये ऐकू येतोय की बुडतोय, ते लगेच कळतं.

दुकानात जाताना

बजेट ठरवताना फक्त पियानोची किंमत धरू नका. मजबूत स्टँड (एका एक्सचा नको, ८८ पट्ट्या डुगडुगतात), जाड बॅग, पेडल, डीआय बॉक्स, दोन पी-३८ वायरी आणि एक जादा अडॅप्टर, हे सगळं मिळून बजेट करा. त्यासाठी पियानो एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, फक्त त्याला लाइन आउट असू द्या. लाइट जाण्याची भीती असेल तर पीएक्स-एस११०० सहा एए सेलवरही चालतो, हे लक्षात ठेवा.

आणि दुकानात या क्रमाने बघा:

- पियानो स्वतः उचलून दुकानाच्या दारापर्यंत न्या आणि परत आणा.
- मागे वळवून लाइन आउट शोधा.
- फक्त डावी वायर लावून मोनोत ऐका.
- सगळ्यात वेगवान गाणं दहा मिनिटं वाजवा.
- ट्रान्सपोज +३ करा आणि परत शून्यावर आणा.
- शेवटी हेडफोन लावा.

पहिल्या पाचांत जो टिकला, त्याचा आवाज हेडफोनमध्ये थोडा कमी गोड वाटला तरी बिनधास्त घ्या. लोकांना तो मिक्सरमधूनच ऐकायचा आहे, आणि कार्यक्रम संपल्यावर रात्री बारा वाजता तो जिन्यावरून वर तुम्हालाच न्यायचा आहे.